कॅमेरा आहे, चित्र नाही

लॅपटॉपच्या पडद्यावरील पट्टीत बसवलेला कॅमेरा लिनक्सवर चालत नाही, ही तक्रार अंगभूत कॅमेऱ्यांइतकीच जुनी आहे. मात्र मधली दहा-बारा वर्षे ती जवळजवळ ऐकू येईनाशी झाली होती आणि 2022च्या सुमारास ती पुन्हा जोराने पुढे आली, ही गोष्ट तिच्या कारणांचा शोध घेणाऱ्याला अधिक उद्बोधक वाटते. एकदा सुटलेली अडचण पुन्हा उद्भवते तेव्हा तिचे मूळ प्रोग्रामरांच्या कौशल्यापेक्षा यंत्राच्या रचनेत शोधणे इष्ट असते. पुढील संवादात या प्रश्नाकडे दोन बाजूंनी पाहिले आहे. एक बाजू महाविद्यालयाच्या संगणक-प्रयोगशाळेची जबाबदारी सांभाळणाऱ्या प्राध्यापिकेची आहे. विद्यार्थ्याच्या हाती दिलेले यंत्र सुरू करताच चालले पाहिजे, ही त्यांची कसोटी. दुसरी बाजू कर्नलसाठी, म्हणजे यंत्रसामग्री आणि आज्ञावली यांच्या मध्ये काम करणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यासाठी, ड्रायव्हर लिहिणाऱ्या अभियंत्याची आहे; यंत्र कसे चालते याची माहिती कोणाच्या ताब्यात आहे, ही त्यांची कसोटी. दोघेही लिनक्स वापरणारे असल्यामुळे त्यांचा वाद प्रणाली चांगली की वाईट असा नाही; मुक्तस्रोत प्रणालीने बंद घटक कोठपर्यंत चालवून घ्यावेत, यावर तो आहे.

प्राध्यापिका : तोच लॅपटॉप, तोच कॅमेरा. विक्रेत्याने घालून दिलेल्या विंडोजवर चेहरा स्वच्छ दिसतो आणि लिनक्स घातले की पडदा काळा राहतो, हे पाहणाऱ्या विद्यार्थ्याने दोष कोणाला द्यावा? त्याचा तास सुरू होण्याच्या वेळेला त्याला ड्रायव्हर म्हणजे काय ते समजावत बसणे शक्य नसते, आणि तुमच्या क्षेत्रातली मंडळी मात्र प्रत्येक तक्रारीला आधी आज्ञा टाइप करायला लावतात.

अभियंता : काळ्या पडद्यामागे इतकी निरनिराळी कारणे असतात, मॅडम, की ती वेगळी केल्याशिवाय उपाय सांगता येत नाही. 'एलएसयूएसबी' ही आज्ञा दिली की यूएसबी मार्गावर जोडलेल्या उपकरणांची यादी मिळते. कॅमेरा त्या यादीतच नसेल, तर लिनक्सला दोष देण्याआधी कीबोर्डवरचे कॅमेऱ्याचे बटण पाहावे, कारण अनेक लॅपटॉपांत ते बटण कॅमेऱ्याला यूएसबी मार्गावरूनच काढून टाकते आणि मग प्रणालीच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नसतो. बायोसमध्ये, म्हणजे प्रणाली सुरू होण्यापूर्वीच्या मूळ मांडणीतही, तो बंद केलेला असू शकतो. यादीत तो असेल, तर कर्नलची नोंदवही दाखवणारी 'डीमेसेज' ही आज्ञा त्याला ड्रायव्हर मिळाला की नाही ते सांगते. ड्रायव्हर मिळाला असेल, तर 'डेव्ह' या निर्देशिकेत 'व्हिडिओ0' अशा नावाची फाइल तयार होते, आणि कॅमेरा वापरणारा प्रत्येक कार्यक्रम तीच फाइल उघडतो.

प्राध्यापिका : एका कॅमेऱ्याच्या दोन फाइली दिसतात आणि त्यातली एक उघडली तर काहीच येत नाही, ही तक्रार तर दर सत्रात येते.

अभियंता : कर्नलच्या 4.16 या आवृत्तीपासून, म्हणजे 2018पासून, चित्रासोबत येणारी वेळेची वगैरे पूरक माहिती वेगळ्या फाइलीतून दिली जाते. 'व्हिडिओ1' ही बहुधा तीच असते आणि तिच्यात चित्र नसतेच. कधी दुसऱ्या कार्यक्रमाने कॅमेरा आधीच धरून ठेवलेला असतो, कधी ब्राउझरला परवानगी दिलेली नसते. चित्र येते पण अडखळत येते, ही तक्रार मात्र अधिक विचार करण्यासारखी आहे, कारण तिचे उत्तर गणितात आहे. रुंदी 1280 आणि उंची 720 बिंदूंचे चित्र न दाबता, प्रत्येक बिंदूला दोन बाइट या हिशेबाने, सेकंदाला 30 वेळा पाठवायचे तर सेकंदाला साडेपाच कोटी बाइट लागतात. वेबकॅम सहसा यूएसबी 2.0ची जी कालबद्ध वहनपद्धती वापरतात, तिची कमाल मर्यादा सेकंदाला सुमारे अडीच कोटी बाइट एवढीच आहे. म्हणून तोच कॅमेरा दाबलेल्या, म्हणजे एमजेपीईजी स्वरूपात सुरळीत चालतो आणि न दाबलेल्या स्वरूपात सेकंदाला दहाएक चित्रांवर येतो. कार्यक्रमाने कोणते स्वरूप मागितले, एवढाच तो फरक.

या उत्तरांनी प्राध्यापिकेचे समाधान झाले नाही, आणि ते रास्तही होते, कारण ही सारी तपासणी ज्या कॅमेऱ्यांना लागू पडते ते मुळात चालणारे कॅमेरे आहेत. ते चालतात यामागे एका मानकाचा इतिहास आहे. यूएसबीचे नियमन करणाऱ्या उद्योगसंस्थेने 2003 मध्ये यूएसबी व्हिडिओ क्लास, संक्षेपाने यूव्हीसी, हे मानक प्रसिद्ध केले. कॅमेऱ्याने आपली क्षमता कशी सांगावी, चित्राचा आकार व वेग यांची मागणी कशी स्वीकारावी, उजळपणासारखी नियंत्रणे कशी उघड करावीत, हे त्यात ठरवून दिले होते. परिणामी मानक पाळणाऱ्या सर्व कॅमेऱ्यांना एकच ड्रायव्हर पुरेसा ठरणार होता. लिनक्ससाठी तो ड्रायव्हर लॉरां पँशार यांनी लिहिला आणि 2008 मध्ये कर्नलच्या 2.6.26 या आवृत्तीत तो समाविष्ट झाला.

त्यापूर्वीची स्थिती आज विसरली गेली आहे. प्रत्येक चिपची बोली वेगळी असे आणि ती कागदोपत्री कोठेही नसे, त्यामुळे विंडोजवरचा ड्रायव्हर कॅमेऱ्याशी काय बोलतो ते टिपून त्यावरून लिनक्सचा ड्रायव्हर रचावा लागे. यालाच उलट अभियांत्रिकी म्हणतात. मिशेल झार या फ्रेंच डॉक्टरांनी फावल्या वेळात असे करत दोनशेहून अधिक वेबकॅम लिनक्सवर चालते केले, हे या क्षेत्रातले नवल मानले जाते; त्यांचा 'जीएसपीसीए' हा ड्रायव्हर पुढे नव्याने लिहिला जाऊन 2008 मध्येच कर्नलमध्ये आला. नवल खरेच, पण एका डॉक्टरच्या फावल्या वेळावर इतके कॅमेरे अवलंबून असावेत, ही व्यवस्थेची प्रशंसा म्हणता येणार नाही.

प्राध्यापिका : म्हणजे लिनक्सवरचे कॅमेरे चालू लागले ते मुक्तस्रोताच्या तत्त्वामुळे चालू लागले नाहीत. मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टाच्या प्रमाणचिन्हासाठी वेबकॅमने यूव्हीसी पाळणे आवश्यक केले, म्हणून उत्पादकांनी ते पाळले, आणि त्याचा लाभ लिनक्सला आपोआप मिळाला. प्रतिस्पर्ध्याच्या बाजारशक्तीने जे साधले ते तुमच्या तत्त्वनिष्ठेने साधले नव्हते, हे मान्य करायला काय हरकत आहे?

अभियंता : हरकत नाही. मात्र त्या मानकाचा दस्तऐवज कोणालाही वाचता येत होता, म्हणूनच तो लाभ लिनक्सपर्यंत पोहोचला. मायक्रोसॉफ्टने त्याऐवजी स्वतःचा गुप्त संकेत उत्पादकांवर लादला असता तर त्याच बाजारशक्तीचा परिणाम नेमका उलटा झाला असता. शिवाय मानक पाळणारे उपकरण म्हणजे पूर्णपणे खुले उपकरण असेही नव्हते. 2006च्या मॅकबुकमधला आयसाइट कॅमेरा सुरू होताना त्याला फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चिपवर चालणारी आज्ञावली, प्रत्येक वेळी बाहेरून पुरवावी लागे. ती ॲपलच्या मालकीची असल्यामुळे लिनक्ससोबत देता येत नसे आणि वापरणाऱ्याला ती स्वतःच्या मॅक प्रणालीतून उपसून घ्यावी लागे. एकदा ती चढली की कॅमेरा सामान्य यूव्हीसी कॅमेऱ्यासारखा वागे. काही असूस लॅपटॉपांत तर कॅमेरा उलटाच बसवलेला असे आणि विंडोजवरचा ड्रायव्हर चित्र गुपचूप सुलटे करी. लिनक्सवर माणसे डोके खाली पाय वर दिसत. हान्स द गूडे यांनी 'लिबव्ही4एल' या संचात अशा लॅपटॉपांची यादीच ठेवली आणि नाव जुळले की चित्र फिरवण्याची सोय केली.

प्राध्यापिका : फर्मवेअरच्या बाबतीत तुम्ही बंद घटक स्वीकारलात, तर आज त्याच न्यायाने पुढचे पाऊल का टाकले जात नाही? नवे लॅपटॉप घेतले, त्यातल्या काहींचे कॅमेरे 'एलएसयूएसबी'च्या यादीत येतच नाहीत, बटणही चालू आहे, बायोसही ठीक आहे.

येथे संवाद खऱ्या अवघड भागाकडे वळतो. यूएसबी कॅमेऱ्याच्या लहानशा पट्टीत केवळ भिंग आणि सेन्सर नसतो. सेन्सरकडून आलेल्या कच्च्या माहितीचे चित्र करणारा एक प्रतिमा-प्रक्रियकही तिथेच असतो. सेन्सरचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो, कारण त्याच्यावर रंगीत गाळण्यांची जी जाळी असते, कोडॅकच्या ब्राइस बायर यांना 1976 मध्ये जिचे पेटंट मिळाले, तिच्यात प्रत्येक बिंदूच्या वाट्याला एकच रंग येतो. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अनुमानाने भरावे लागतात. त्याखेरीज उजेडानुसार सेन्सर किती वेळ उघडा ठेवायचा, पांढरा रंग पांढरा दिसावा म्हणून रंगांचे प्रमाण कसे बदलायचे, भिंगामुळे कडेला येणारा काळोख कसा भरून काढायचा, हे निर्णय सतत घ्यावे लागतात. यूव्हीसीच्या काळात हे सारे कॅमेऱ्याच्या पोटात होत असे आणि संगणकाकडे तयार चित्र येई. नव्या लॅपटॉपांत सेन्सर एमआयपीआय सीएसआय-2 या, मोबाइल फोनांत पूर्वीपासून रूढ असलेल्या जोडणीने सरळ मुख्य प्रक्रियकाला जोडला जातो आणि चित्र घडवण्याचे काम प्रक्रियकातच असलेल्या स्वतंत्र विभागाकडे जाते. इंटेलच्या टायगर लेक आणि आल्डर लेक पिढ्यांत या विभागाला आयपीयू6 असे नाव आहे. पडद्याची कड अरुंद ठेवता येते, अधिक बिंदूंचा सेन्सर बसवता येतो, वीज वाचवता येते, असे त्याचे फायदे आहेत. तोटा असा की कॅमेऱ्याच्या पोटात जे ज्ञान बंद होते आणि म्हणून कोणाच्या आड येत नव्हते, ते आता बाहेर, संगणकावर चालणाऱ्या आज्ञावलीत आले, आणि तरीही बंदच राहिले.

अभियंता : तुमच्या प्रश्नाचे उत्तर याच स्थलांतरात आहे. आयसाइटचे फर्मवेअर कॅमेऱ्यात चढून तिथेच चालत असे, त्याला कर्नलची आवृत्ती कोणती याच्याशी देणेघेणे नव्हते. आयपीयू6चे तसे नाही. त्याचे दोन भाग आहेत. सेन्सरकडून कच्ची माहिती स्मृतीत आणून ठेवणाऱ्या पहिल्या भागाचा ड्रायव्हर 2024 मध्ये कर्नलच्या 6.10 या आवृत्तीत आला. कच्च्या माहितीचे चित्र करणाऱ्या दुसऱ्या भागाचा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर राहिला आहे, आणि तो चालवायला इंटेलचे एक बंद संकलन लागते, ज्याचा स्रोत वाचता येत नाही. कर्नलबाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. आज चालणारा कॅमेरा उद्याच्या सुरक्षा-अद्यतनानंतर बंद पडतो तो त्यामुळे.

प्राध्यापिका : लिनक्सचे वितरण, म्हणजे बसवण्यास सिद्ध असा संच, तयार करणाऱ्यांनी ते जुळवून दिले तर? उबुंटूने काही लॅपटॉपांसाठी तसे केलेच आहे. बंद संकलनातून आलेले चित्र आभासी कॅमेऱ्याच्या फाइलीत ओतले की ब्राउझरला काहीही कळत नाही. मार्ग वळणाचा आहे, पण तास सुरू होतो. तत्त्वाची शुद्धता राखण्यासाठी विद्यार्थ्याने अंधारात बसावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

अभियंता : 2004 मधला फिलिप्सच्या वेबकॅमचा प्रसंग याच युक्तिवादाची परीक्षा होती. त्या ड्रायव्हरचा मुख्य भाग कर्नलमध्ये खुला होता. मोठ्या आकाराचे चित्र हवे असेल तर मात्र दाबलेली माहिती उलगडणारा एक बंद तुकडा त्यात अडकवावा लागे, कारण ती पद्धत लेखकाने फिलिप्सशी गोपनीयतेचा करार करून मिळवली होती. केवळ बंद तुकडा अडकवण्यासाठी ठेवलेली खुंटी कर्नलमध्ये राहू शकत नाही, असे ठरवून देखभालकर्त्यांनी ती काढली, तेव्हा लेखकाने संपूर्ण ड्रायव्हरच मागे घेण्याची मागणी केली. त्या वेळी वापरणाऱ्यांचा रोष कर्नलच्या देखभालकर्त्यांवर झाला होता, आणि तुमचाच शब्द वापरायचा तर त्यांना अंधारात बसावे लागले होते. पण ल्यूक सायार यांनी ती उलगडण्याची पद्धत उलट अभियांत्रिकीने शोधून खुली लिहिली आणि ड्रायव्हर कर्नलमध्ये परतला. करार करणाऱ्या लेखकाचा बंद तुकडा तसाच स्वीकारला गेला असता तर ते काम कोणी हाती घेतले असते, असे वाटत नाही.

हा दाखला प्रभावी असला तरी तो पूर्णपणे जुळणारा नाही, आणि प्राध्यापिकेने ते तत्काळ दाखवून दिले. दाबलेली माहिती उलगडण्याला एकच बरोबर उत्तर असते. ते सापडले की काम संपते. चित्र घडवण्याला तसे एकच उत्तर नसते. प्रत्येक सेन्सर, प्रत्येक भिंग आणि त्यांची प्रत्येक जोडी यांच्यासाठी रंगांचे व उजेडाचे वेगळे मापन करावे लागते, उत्पादक ते प्रयोगशाळेत करतात, आणि हे मापनच ते व्यापारी गुपित मानतात. म्हणून एका माणसाच्या चिकाटीने सुटणारा तो प्रश्न आज एका माणसाच्या आवाक्यात राहिलेला नाही.

त्यात आणखी एक अडचण असते, जिचा उल्लेख क्वचितच होतो. सेन्सरला वीज कोणत्या क्रमाने द्यायची, त्याचे घड्याळ कोठून येते, तो उलटा बसवला आहे का, ही माहिती लॅपटॉपच्या एसीपीआय सारण्यांत, म्हणजे यंत्राने प्रणालीला स्वतःविषयी द्यायच्या नोंदींत असते. पण त्या नोंदी विंडोजचा ड्रायव्हर समोर ठेवून, दस्तऐवज न केलेल्या रचनेत भरलेल्या असतात. मायक्रोसॉफ्टच्याच सरफेस संगणकांवर लिनक्स चालवू पाहणाऱ्यांनी आयपीयू6च्या आधीच्या पिढीत ही रचना उलगडली आणि 2021 पासून ते काम कर्नलमध्ये येत गेले. आयपीयू6साठी पुढे झालेल्या कामाला तो पाया उपयोगी पडला.

अभियंता : एका माणसाचे काम नाही, हे खरे; म्हणूनच ते एका माणसावर सोडलेले नाही. पँशार यांच्या पुढाकाराने 2018 मध्ये 'लिबकॅमेरा' हा प्रकल्प जाहीर झाला. सेन्सर, प्रक्रियक आणि चित्रविषयक निर्णय यांची जुळणी करणारा हा स्तर ड्रायव्हर आणि ब्राउझर यांच्या मध्ये बसतो. त्यात 2024 मध्ये असा एक विभाग आला, जो इंटेलचा बंद भाग वापरतच नाही. कच्ची माहिती घेऊन रंग भरण्याचे, उजेड आणि पांढरेपणा सांभाळण्याचे काम तो साध्या प्रक्रियकावर, निव्वळ आज्ञावलीने करतो. द गूडे यांचा त्यातही मोठा वाटा आहे. त्याच वर्षीच्या फेडोरा 41 या वितरणात आयपीयू6चे अनेक कॅमेरे या मार्गाने चालू लागले, बाहेरून काहीही न घालता.

प्राध्यापिका : त्या चित्राविषयी कोणी बोलत नाही. आमच्या प्रयोगशाळेतल्या लॅपटॉपांवर ते पाहिले आहे. चेहरे हिरवट, कोपरे काळे, खिडकीकडे पाठ केली की नुसती सावली, आणि अर्ध्या तासाच्या बैठकीत पंखा जोरात फिरू लागतो. ज्या कामासाठी प्रक्रियकात वेगळा विभाग विकत घेतला, तो विभाग झोपलेला आणि बाकीचा प्रक्रियक घामाघूम. याला कॅमेरा चालणे म्हणायचे असेल तर व्याख्या फारच सैल झाली.

अभियंता : हिरवटपणा येतो तो रंगदुरुस्तीचे कोष्टक त्या सेन्सरसाठी भरलेले नसल्यामुळे, सुरुवातीला तर त्या विभागात रंगदुरुस्तीची सोयच नव्हती, ती नंतर आली. प्रक्रियकावरचा भार कमी करण्यासाठी तेच काम ग्राफिक्स विभागाकडे सोपवण्याचे प्रयत्न झाले आहेत. बंद संकलनाचे चित्र आज अधिक चांगले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. फरक असा की हिरवट चित्र कोणी तरी दुरुस्त करू शकतो, आणि बंद संकलन ज्या दिवशी त्या पिढीचा आधार सोडील त्या दिवशी कोणीच काही करू शकणार नाही.

प्राध्यापिका : प्रयोगशाळेतला लॅपटॉप सहा-सात वर्षे वापरायचा असतो, त्यामुळे त्या दिवसाची भीती निराधार नाही. तरी आजच्या विद्यार्थ्याला सहाव्या वर्षाचे आश्वासन देऊन भागत नाही.

या टप्प्यावर दोघांच्याही भूमिकेतला एक समान दुवा पुढे येतो, तो खरेदीचा. भारत सरकारने 2015 मध्ये शासकीय संगणकव्यवस्थेत मुक्तस्रोत आज्ञावलीला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले, परंतु असे धोरण आज्ञावली निवडणाऱ्याला बांधते, यंत्र निवडणाऱ्याला नाही. यंत्राची मागणी नोंदवताना कॅमेऱ्यापुढे केवळ बिंदूंची संख्या लिहिली, तर यूव्हीसी मानक पाळणारा कॅमेरा आणि एमआयपीआय जोडणीचा कॅमेरा हे दोन्ही ती अट सारख्याच रीतीने पूर्ण करतात, आणि लिनक्सवर त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर असते. 'कॅमेरा यूएसबी व्हिडिओ क्लास मानकानुसार असावा' हे एक वाक्य घातले की निम्मा वाद उद्भवतच नाही. व्हिस्टाच्या प्रमाणचिन्हाने जे साधले ते याच स्वरूपाचे होते. फरक एवढाच की तेव्हा अट घालणारा एक बलाढ्य विक्रेता होता आणि येथे ती घालणारा ग्राहक असेल. अभियंत्याला हा उपाय अपुरा वाटतो, कारण लॅपटॉपांची रचना ज्या दिशेने चालली आहे ती पाहता असे कॅमेरे कमी होत जातील अशी त्यांची धारणा आहे. प्राध्यापिकेला तो पुरेसा वाटतो, निदान पुढच्या खरेदीपुरता.

प्राध्यापिका : घेतलेल्या लॅपटॉपांचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच. ज्या खोल्यांत तास होतात तिथे बाहेरून जोडायचे यूएसबी कॅमेरे घेण्याची मागणी आजच जाईल. त्यात तत्त्वाचा प्रश्न नाही.

अभियंता : नाही, तो सरळ उपाय आहे. पण त्या लॅपटॉपांपैकी दोन मोकळे ठेवता आले, तर त्यांच्या सेन्सरसाठी रंगांचे कोष्टक भरता येईल. त्यासाठी 24 रंगांच्या चौकोनांचा प्रमाणित तक्ता लागतो, दोन-तीन प्रकारचा स्थिर उजेड लागतो, आणि त्या तक्त्याची कच्च्या स्वरूपातली छायाचित्रे घ्यावी लागतात. त्यावरून कोष्टक काढणारी साधने लिबकॅमेरासोबतच मिळतात.

प्राध्यापिका : तक्ता भौतिकशास्त्र विभागाच्या प्रकाशिकी प्रयोगशाळेत असू शकेल, विचारून पाहता येईल. दोन लॅपटॉप मिळतील, मात्र सत्रपरीक्षा संपल्यावर, आणि कोष्टक भरण्याचे काम शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी प्रकल्प म्हणून करतील. त्याचे गुण द्यायचे तर चित्र किती सुधारले हे मोजण्याची पद्धत आधी लिहून द्यावी लागेल.

अभियंता : पद्धत लिहून मिळेल. तक्त्यावरच्या प्रत्येक चौकोनाचा अपेक्षित रंग आणि कॅमेऱ्याने दाखवलेला रंग यांच्यातले अंतर, आधीचे आणि नंतरचे, शेजारी शेजारी मांडायचे.

प्राध्यापिका : आणि तिसऱ्या रकान्यात त्याच लॅपटॉपवर बंद संकलनाने दाखवलेला रंगही मांडायचा.

अभियंत्याने त्याला होकार दिला, मात्र तिसरा रकाना भरण्यासाठी कोणत्या कर्नलवर ते संकलन चालते याची नोंद तारखेसह करावी, अशी अट त्यांनी घातली.